अर्धं घर खाडीपलीकडे

सोमवार, १४ नोव्हेंबर २००५

सोबतिणींनो! शिंपल्यांच्या कारखान्यात गार पाण्यात हात घालून दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायांनो! आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे — नवरा जाताना सगळं घेऊन जातो, फक्त नवरेपणाचा हक्क तेवढा मागे ठेवून जातो!

येत्या शनिवारच्या सभेसाठी लिहायला घेतलेलं भाषण. सुरुवात वाईट नाही. पण पुढे सुचेना. कारण आज मी माझ्याच भाषणातली बाई झाले. सकाळी अकरा वाजता कोर्टात अर्ज दिला. एर्सिरा मान्सीया विरुद्ध उलिसेस बारिया.

कायदा मी चुलीपाशी बसून तीनदा वाचलाय. दोघं राजी असतील तर वर्षभर वेगळं राहिल्याचं दाखवायचं, सुटका. एकजण अडून बसला तर तीन वर्षं. तीन वर्षं सलग वेगळं राहिल्याचं सिद्ध करायचं, मग त्याच्या होकारावाचून चालतं. उलिसेस जाऊन साडेनऊ वर्षं झाली. "सोपी केस आहे," अन्तोनिएता म्हणाली. ही सरकारी मदतीची वकील. वय अठ्ठावीस, बूट कायम ओले.

मला नवरा नकोय म्हणून मी तिथं गेले नाही. नवरा कधीच गेलाय! मला आईची जमीन हवीय. किनाऱ्यालगतचा तो तुकडा मला संघटनेला द्यायचाय — बायांच्या लेकरांसाठी खोली बांधायला. जमीन माझी, आईकडून आलेली. पण लग्न कागदावर आहे तोवर त्याच्या सहीशिवाय देता येत नाही. जूनअखेर कागद गेले नाहीत तर सरकार खोलीचा पैसा दुसऱ्या गावाला देणार. सही मागितली तर म्हणतो, "बघू की एर्सिरा, घाई काय आहे?"

घाई काय आहे!

शुक्रवार, २ डिसेंबर

त्याचं उत्तर आलं. विरोध!

त्याच्या वकिलानं, ओयार्सूननं, चार पानं लिहिलीत. सार एका ओळीचं — पती-पत्नींनी २००४ च्या हिवाळ्यात पुन्हा संसार सुरू केला, एका छपराखाली अकरा आठवडे राहिले, सबब तीन वर्षं पूर्ण झालेली नाहीत. पुन्हा एकत्र राहिलं की आधीची सगळी वर्षं पुसली जातात. घड्याळ नव्यानं सुरू.

अकरा आठवडे! पाय मोडून आला होता माणूस!

शनिवार, ३ डिसेंबर

काल रागात अर्धंच लिहिलं. आज नीट लिहिते.

जून २००४, आमच्याकडचा ऐन हिवाळा. उलिसेस होडीच्या धक्क्यावरून घसरला, मांडी दोन ठिकाणी मोडली. राहायला तो खाडीपलीकडे, निएवेसच्या जमिनीवर. मला सोडल्यापासून तो जिच्याबरोबर राहतो ती निएवेस. तिकडून दवाखान्यात यायचं म्हणजे होडी, आणि हिवाळ्यात होडी चार-चार दिवस बंद. माझं घर दवाखान्यापासून दोन वळणांवर. निएवेसनंच त्याला दाराशी आणून सोडलं. पावसात. "आठवडाभर ठेवून घ्या, बाई. माझी कारखान्यात पाळी लागलीय." माझ्याकडे बघत नव्हती. मी दार उघडलं. दुसरं काय करणार? कुत्रं असतं तरी उघडलं असतं.

आठवड्याचे अकरा झाले. चुलीशेजारच्या बाकावर तो झोपायचा. मी पायाला पट्ट्या बांधल्या, सूप दिलं, शिव्याही दिल्या.

आणि आता तेच सूप कोर्टात माझ्या विरुद्ध साक्ष देणार.

बुधवार, ७ डिसेंबर

अन्तोनिएता म्हणाली, "ताई, तो तुमच्याकडे होता हे कुणी पाहिलं?"

"सगळ्या गल्लीनं."

"मग असं म्हणू का, की दोनच आठवडे होता? अकरा हा त्याचा शब्द, दोन हा तुमचा."

मी तिला बसवलं. माते, आमचा कडू पाल्याचा चहा, करून दिली. म्हटलं, पोरी, तुझं लहानपण सांतियागोत गेलं, तुला ठाऊक नसेल. या देशात परवापरवापर्यंत घटस्फोट नव्हताच. सुटायचं तर एकच वाट — लग्न झालंच नव्हतं असं म्हणायचं! दोन साक्षीदार उभे करायचे. त्यांनी शपथेवर सांगायचं, की लग्नाच्या वेळी हे दोघं या गावात राहतच नव्हते. म्हणजे इथल्या नोंदणी अधिकाऱ्याला अधिकार नव्हता, म्हणजे लग्न रद्द. मंत्री असे सुटले, न्यायाधीश असे सुटले. अख्खा देश खोटा पत्ता सांगून सुटला!

अठ्ठ्याण्णव साली उलिसेस माझ्याकडे हाच कागद घेऊन आला. साक्षीदारही ठरलेला. मी फाडला. म्हटलं, लग्न झालंच नाही तर आपली लेक ओरियाना कुठून आली? ओहोटीला सापडली का किनाऱ्यावर? मी खोट्यावर सही करणार नाही!

तेव्हा नाही केली. आता दोन आठवड्यांचं खोटं बोलू?

अन्तोनिएतानं पेला खाली ठेवला. म्हणाली, "हरलो तर तीन वर्षं भरायला सप्टेंबर दोन हजार सात उजाडेल, ताई. आणि तोवर तो सर्दी घेऊन परत राहायला आला, तर पुन्हा पहिल्यापासून."

हसलो दोघी. ती गेल्यावर मला हसू आलं नाही.

बुधवार, १८ जानेवारी २००६

पहिली सुनावणी. न्यायाधीश बाई, उत्तरेकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. कायद्याप्रमाणे आधी समेटाचा प्रश्न विचारावा लागतो. "पुन्हा एकत्र येण्याची काही शक्यता?"

मी म्हटलं, "नाही."

उलिसेस टोपी फिरवत म्हणाला, "मला काही अडचण नाही, जसं आहे तसं राहू द्या."

"म्हणजे पत्नीबरोबर राहायचंय तुम्हाला?"

"तसं नाही, बाईसाहेब. जसं आहे तसं."

"मग विरोध कशासाठी?"

"बरं नाही दिसत ते." टोपी पुन्हा फिरली.

एप्रिलची तारीख पडली. साक्षीदारांची नावं द्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर निएवेस. त्याच्यासाठी डबा घेऊन आलेली. मला बघून उठली आणि सगळ्यांसमोर — "झालं का समाधान? दहा वर्षं धरून ठेवलंत त्याला! तुम्ही सोडलं असतं तर मी कधीच लग्नाची बायको झाले असते!"

हजार माणसांसमोर बोललेली मी! कारखान्याच्या मालकाला भर फाटकात गप्प केलेली मी! शेवटी एवढंच म्हटलं, "निएवेस, अर्ज माझा आहे. मी मागतेय. तो नाही म्हणतोय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो डब्याचं झाकण उघडत होता.

गुरुवार, १९ जानेवारी

अठ्ठ्याण्णवला मी सही केली असती तर? हा प्रश्न आज दिवसभर शिंपल्याच्या कडेसारखा बोटाला लागत होता.

शनिवार, ११ फेब्रुवारी

बटाटे काढले. सगळी गल्ली मदतीला. कामानंतर सोफानोरकाकांना अंगणात बाजूला घेतलं.

सोफानोर पाइयाकार. वय चौऱ्याहत्तर, गावातली सगळ्यात ताकदवान बैलजोडी त्यांची. आणि दुसरा धंदा — साक्षीदार! लग्न रद्द करायचं असलं की लोक त्यांच्याकडे जायचे. एक कोकरू किंवा बटाट्यांचं पोतं. काका सदरा बदलून कोर्टात जायचे, खोटा पत्ता सांगून यायचे. अठ्ठ्याण्णवला उलिसेसनं ठरवलेला साक्षीदार तेच. माझ्यामुळे त्यांचं कोकरू बुडालं!

पण शहाण्णवच्या मार्चमध्ये मिंगाला बैल त्यांचेच होते. ते लिहायलाच हवं, कारण सांतियागोच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटेल. उलिसेस गेला तेव्हा घर घेऊन गेला! आमचं अर्धं घर त्यानं पुढे जोडलेलं होतं, दोन खोल्या, त्याच्या हातच्या. त्यानं ते कापून वेगळं केलं आणि मिंगा बोलावली. मिंगा म्हटलं की नाही म्हणत नाही कुणी, शेजाऱ्याचं घर हलवायचं असेल तर सगळा गाव दोर घेऊन येतो. नवऱ्याचं घर ओढायला माझ्या माहेरचे लोकसुद्धा आले! बैलांनी ओंडक्यांवरून ते किनाऱ्यापर्यंत ओढलं, भरतीला पाण्यात लोटलं, चार होड्यांनी पलीकडे नेलं. माझं अर्धं घर खाडीवरून तरंगत गेलं. खिडकीत पडदा तसाच होता. माझा पडदा.

काकांना म्हटलं, "साक्ष द्याल?"

"काय सांगायचं? तो कुठं राहत होता?" हात खिशात, व्यवहाराला तयार.

"खरं सांगायचं."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "सगळं?"

"सगळं. अकरा आठवडे, बाक, सूप, सगळं."

बैलाच्या मानेवर हात फिरवत म्हणाले, "पोरी, खरं कसं सांगतात ते मला माहीत नाही. खोट्याला चार वाक्यं पुरतात, मला पाठ आहेत. खऱ्याला कुठून सुरुवात करायची?"

रविवार, १२ फेब्रुवारी

काका आले होते. दारातूनच म्हणाले, "येतो मी." कोकरू नको म्हणाले.

मंगळवार, १४ मार्च

संघटनेत बायांनी विचारलं, खोलीचं काय? खोटं आश्वासन दिलं नाही. "एप्रिलमध्ये कळेल." कारखान्यातली ओल्गा म्हणाली, "आम्ही दोन वर्षं पोरांना खोक्यात झोपवतोय, ताई, एक एप्रिल काय!" देवा, किती धीर आहे या बायांना. मी फक्त बोलते. धीर यांचा.

गुरुवार, ६ एप्रिल

सुनावणी झाली. आठवतंय तसं सगळं उतरवते, उद्या विसरेन म्हणून नव्हे, उद्या विश्वास बसणार नाही म्हणून.

सोफानोरकाका खांद्यावर बोचकं घेऊन आले. लोकरीचं बोचकं, दोरीनं बांधलेलं. मला वाटलं, नंतर बहिणीकडे जाणार असतील. शपथ घेतली. बोचकं पायाशी ठेवलं.

ओयार्सून उठला. गुळगुळीत आवाज. "पाइयाकारसाहेब, याआधी किती वेळा कोर्टात शपथ घेतलीत?"

"चौदा."

"चौदा! आणि चौदाही वेळा खरं सांगितलंत?"

मी डोळे मिटले. हो म्हटलं तर ते खोटं, आणि नाही म्हटलं तर...

"एकदाही नाही," काका म्हणाले.

न्यायाधीश बाई पुढे झुकल्या. "काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, बाईसाहेब. म्हणून तर सामान आणलंय." बोचक्याकडे बोट. "लोकरीचे मोजे, भाकरी, आणि मातेचा पेला. आत पेला मिळतो की नाही माहीत नाही."

तुरुंगाची तयारी करून आला होता माणूस! माझ्यासाठी! मला हे आत्ता लिहितानाही पुढचं दिसत नाही.

ओयार्सून हसला. "मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"कारण आज मी घाबरलोय. त्या चौदा वेळा नव्हतो घाबरलो." काका ओयार्सूनकडे वळले. "सातव्या वेळी तर मुळीच नाही, वकीलसाहेब. ती तुमचीच होती. तुम्ही नि तुमची पहिली बायको लग्नाच्या वेळी दुसऱ्या गावात राहत होता असं सांगितलं होतं मी. कोकरू चांगलं होतं, नाही म्हणणार नाही."

ओयार्सून खाली बसला. त्याला बसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

न्यायाधीश बाईंनी पाण्याचा पेला तोंडाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाल्या, "आता मुद्द्यावर या. दोन हजार चारच्या हिवाळ्यात हे गृहस्थ अर्जदार बाईंच्या घरी होते?"

"होते. अकरा आठवडे."

"रोज रात्री?"

"रोज. माझी खिडकी समोर आहे. चुलीजवळच्या बाकावर. पाय खुर्चीवर."

"मग ते राहायला परत आले होते, असं का म्हणू नये?"

काका गोंधळले. त्यांना प्रश्नच कळला नाही. एवढी उघड गोष्ट कुणी विचारतं म्हणजे काय! ते आधी माझ्याकडे, मग उलिसेसकडे बघायला लागले. मग सावकाश, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

"बाईसाहेब, हा गेला तेव्हा घर घेऊन गेला. माझ्या बैलांनी ओढलं. मार्च शहाण्णव, पहिल्या आठवड्यानंतरचा शनिवार, साठ माणसं दोराला होती, कुणालाही विचारा. आमच्याकडे माणूस राहायला परत आला की घर परत आणतो. त्यानं मला बैल मागितले नाहीत. गावाला दोर मागितला नाही. घर तिकडंच आहे अजून, पडद्यासकट. हा फक्त पाय घेऊन आला होता. तोही मोडलेला."

आणि कोण हसलं? उलिसेस! आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग टोपीत तोंड घालून. अठरा-वीस वर्षांपूर्वी मी ज्याच्यावर भाळले ते हसू. माझंही हसू फुटलं. एकमेकांविरुद्ध बसून आम्ही दोघं डोळे पुसत होतो.

न्यायाधीश बाईंनी त्यालाच विचारलं, "बारियासाहेब, खरं आहे हे?"

"आहे," तो म्हणाला. "बैल नाही मागितले मी."

एवढंच. एवढंच पुरे होतं.

मागच्या बाकावर निएवेस बसली होती. हसत नव्हती. प्रत्येक शब्द ऐकत होती, त्यातला "विरोध" हा शब्दही — कुणी केला, किती पानांचा.

शुक्रवार, ७ एप्रिल

अन्तोनिएता म्हणते, काकांना काही होणार नाही, ते सगळं जुनं झालं, कायदा आता मागे लागत नाही. पण काकांना हे माहीत नव्हतं! मोजे घेऊन आले होते!

मी आयुष्यभर व्यासपीठांवरून सत्य-सत्य ओरडत आले. त्याच्यासाठी मोजे कधी बांधले नाहीत.

सकाळी त्यांच्याकडे मिल्काओ, बटाट्याच्या भाकऱ्या, घेऊन गेले. बैलांना चारा घालत होते. म्हटलं, काका, आभार कसे मानू? म्हणाले, "पंधरावी होती. हिच्यानंतर झोप लागली. आधीच्या चौदांनंतर कधी नीट लागली नव्हती, ते काल कळलं."

सोमवार, २४ एप्रिल

निकाल! वेगळं राहणं ९ मार्च १९९६ पासून. २००४ चा मुक्काम "शुश्रूषेचा, संसाराचा नव्हे." घटस्फोट मंजूर.

ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं. सूपही सुटलं माझ्याबरोबर. बरं झालं मी दार उघडलं होतं. बरं झालं खोटं बोलले नाही. बरं झालं, बरं झालं — आज वहीत दुसरं काही लिहिता येत नाहीय.

मंगळवार, ९ मे

अपिलाची मुदत संपली. उलिसेसनं अपील केलं नाही. चिठ्ठी पाठवली, दोन ओळी, वळणदार अक्षर अजून तसंच — "पायाबद्दल तेव्हा आभार मानायचे राहिले होते. उलिसेस." ठेवून दिली. तो माणूस वाईट नाही. फक्त कुठलीच गोष्ट पुरी न करणारा.

शुक्रवार, १२ मे

नोंदणी कचेरीत आमच्या लग्नाच्या नोंदीच्या समासात तीन ओळी चढल्या. लग्न झालं होतं. संपलं. दोन्ही खरं. कुणाला खोटा पत्ता सांगावा लागला नाही.

दुपारी जमिनीचे कागद केले. सही एकच. माझी.

गुरुवार, १८ मे

ओल्गानं खोलीच्या चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. तिची धाकटी प्रत्येक खुंटीवर बसून बघत होती, कुठली आपली.

सोमवार, २२ मे

संध्याकाळच्या होडीनं निएवेस आली. बटाट्यांची पिशवी आणि तो पडदा, धुऊन घडी घातलेला.

"दहा वर्षं मला सांगत होता, ती सोडत नाही. आता मोकळा झाला. मी म्हटलं, चल मग नोंदणीला. काय म्हणाला सांगू?"

मला माहीत होतं. दोघींच्या तोंडून एकदमच निघालं — "घाई काय आहे?"

ती हसली नाही. "जमीन माझी आहे, ताई. घर त्याचं आहे. त्याच्या आईच्या वाडीत जागा आहे, त्याच्याशी बोललेय, भांडण नाही. पण आता उन्हाळ्यापर्यंत थांबवत नाही मला. त्याचं घर तिकडे हलवायला मिंगा मागायला आलेय. मागू ना तुमच्याकडे?"

मंगळवार, २३ मे

भाषणाचा शेवट सापडला.

सोबतिणींनो! शनिवारी अमावास्या, मोठी भरती. सकाळी सहाला सोफानोरकाकांचे बैल निएवेसच्या किनाऱ्यावर असतील. जेवण माझ्याकडे. दोर घेऊन या!